मिस्त्रीला सांगितलंस का?

गुरुअण्णा हेब्बाळे संगणकाशी बोलायचे, याचं कुणाला नवल वाटत नसे. आमच्या ड्रॉइंग ऑफिसात सगळेच बोलायचे, बहुतेक शिव्याच. नवल हे, की संगणक अण्णांना उलट झापायचा आणि ते मास्तरासमोर उभं राहिल्यासारखे खाली मान घालून ऐकून घ्यायचे.

मी तिथं लागलो नव्वदीच्या मध्यात. उद्यमनगरातलं आमचं वर्कशॉप पंपांच्या बॉडीचे पॅटर्न करायचं. पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना. तो वाळूत दाबून काढायचा आणि राहिलेल्या पोकळीत लोखंड ओतायचं. खाली सुतारकाम चाले, वर माडीवर आम्ही चौघं ड्रॉइंगवाले. पहिल्या दिवशी पेठ वडगावहून एस.टी.नं उभ्यानं आलो होतो, पाय दुखत होते. अण्णांच्या शेजारी एक सागवानी स्टूल रिकामं दिसलं, मी ओढून बसलो.

"ऊठ," अण्णा म्हणाले.

"कुणाचं आहे?"

"मिस्त्रींचं."

"कुठं गेलेत?"

"वारले की."

एवढ्या शांतपणे सांगितल्यावर कोण बसून राहील? मी उठलो.

अण्णा गडहिंग्लजकडचे. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, अंगात तपकिरी सफारी, दोन माप मोठा. त्यालाही कारण होतं. लोखंड थंड झालं की आकसतं, म्हणून पॅटर्न शंभर मिलिमीटरला एक मिलिमीटर मोठा करतात. याला श्रिंकेज म्हणायचं. अण्णांनी हा नियम साऱ्या आयुष्याला लावला होता. कापड धुतल्यावर आटणार, म्हणून सफारी मोठा. पाहुणे शंभर बोलावले तर नव्याण्णवच येणार, म्हणून लग्नातल्या जेवणावळीचा अंदाजही तेच सांगायचे. मालकांनी पगारवाढीचा शब्द दिला की आम्ही खूश व्हायचो आणि अण्णा म्हणायचे, "गार होऊ दे लेका. मग माप घे."

ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरला त्यांनी स्वतःचे प्रोग्रॅम जोडले होते. इंग्रजी अक्षरांत 'मिस्त्री' असं टाईप केलं की संगणक आपलं ड्रॉइंग तपासायचा आणि पडद्याच्या तळाशी शेरा मारायचा. "ह्यो कोपरा तडकंल." "भिंत पातळ हाय, पापड लाटतोस व्हय?" नुसता रांगडा विनोद असता तर आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण शेरे खरे ठरायचे. तो म्हणेल तिथंच ओतलेलं लोखंड तडकायचं. खालचे जुने सुतार वर आले की तो पडदा वाचून गप्प व्हायचे. एकदा एकजण हळूच म्हणाला, "दत्तोबा मिस्त्री असंच बोलायचा." मग तो माडी चढायचाच बंद झाला.

मग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. तिला बाहेरून प्रोग्रॅम जोडायची पद्धतच बदललेली. जुन्यातलं काही चालेना. विकणारा टाय लावून आला होता. तो म्हणाला, "जुनं सोडून द्या काका, आमच्याकडं सगळं तयार मिळतं." अण्णांचा चेहरा पांढरा पडला.

"म्हंजे मिस्त्री जाणार?" त्यांनी विचारलं. टायवाल्याला वाटलं, कुणाची तरी नोकरी जातेय. त्यानं सहानुभूतीनं मान हलवली.

अण्णांनी मालकांकडून दोन महिने मागून घेतले आणि उशीएवढी जाड पुस्तकं घेऊन बसले. पानं उलटताना कानडीत पुटपुटायचे. एके दिवशी त्यांनी मला हाक मारली. डोळे चमकत होते.

"हे बघ. जुन्यात आपण हाक मारली तरच प्रोग्रॅम यायचा. नव्यात हाक मारायची गरज न्हाय. त्यो आतच बसून असतोय. तू रेघेला हात लावलास की त्येला कळतंय."

"म्हणजे तो सारखा बघत असतो?"

"बघू दे की. घरातलं म्हातारं माणूस न्हाय का सोप्यात बसून बघत?"

सोप्यातला म्हातारा जिवंत असतो, एवढाच फरक होता. तो मी बोलून दाखवला नाही.

त्यानंतर ऑफिसात फार विचित्र दिवस आले. मी एक कोपरा काढला. कुणी बोलावलं नव्हतं, तरी तळाशी अक्षरं उमटली, "थांब." मी कोपरा पुसून तसाच परत काढला. "थांब म्हणलं न्हवं?" भर दुपारी, बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत असताना माझ्या मानेवर काटा आला. मी मागं वळून पाहिलं तर स्टूल रिकामंच होतं. एका सहकाऱ्यानं मॉनिटरला हळदकुंकू लावलं. दुसऱ्यानं चंदगडच्या आपल्या भगताकडून लिंबू आणलं. अण्णांनी ते पिळून सरबत केलं आणि सगळ्यांना पाजलं.

सगळ्यात भयंकर प्रकार प्लॉटरचा. ड्रॉइंग छापायला लावलं की त्याचा पेन कागदावर सरसर धावायचा, आणि मापांत श्रिंकेज घातलेलं असेल तर मध्येच वर उचलून अधांतरी थांबायचा. पडद्यावर प्रश्न यायचा, "मिस्त्रीला सांगितलंस का?" उत्तर म्हणून खाली कामावर असलेल्या मिस्त्रीकडून एक आकडा आणावा लागे. तो आकडा रोज सकाळी अण्णा स्वतः खाली जाऊन त्याच्या फळ्यावर लिहीत. म्हणजे प्रत्येक वेळी जिना उतरा, सांगा, आकडा घ्या, वर या. मालक वैतागले. "अण्णा, एवढं काढून टाका."

"मला काढा," अण्णा म्हणाले. "ते न्हाय निघायचं."

एवढ्या मवाळ माणसाचा असा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. मालकांनी पुन्हा विषय काढला नाही.

एक दिवस माझी दाढ दुखत होती. बाकीचे डबे घेऊन खाली गेले, मी वरच कपाटामागं बाकावर आडवा झालो. अण्णा नेहमी आपल्या जागीच जेवायचे. त्यांनी भाकरी संपवली, डबा पुसला, हात पुसले आणि पडद्याकडं बघत बसले. जणू एस.टी.ची वाट बघत होते. थोड्या वेळानं पडद्यावर ओळ उमटली. मला कपाटामागूनही वाचता आली.

"गुरू, जेवलास काय रं?"

अण्णांनी टाईप केलं, "न्हाई अजून."

दहा मिनिटं गेली. पुन्हा तोच प्रश्न आला. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा मला राहवलं नाही. "अण्णा, डबा तर संपवलात की!"

ते दचकले नाहीत. स्टुलाकडं बघत बोलायला लागले.

"मिस्त्रीकडं श्रिंकेजची पट्टी हुती. तिच्यावरचा सेंटीमीटर जरा मोठाच असतोय, म्हंजे येगळा हिशेब नको. मी पयला प्रोग्रॅम केला त्यो ड्रॉइंगमधीच श्रिंकेज घालायचा. लई मिजास हुती मला. मिस्त्रीला सांगायचं राह्यलं. त्येनं आपल्या पट्टीनं मापं धरली. दोनदा घातलं गेलं. सगळा माल मोठा झाला, परत आला. मालकांनी समद्यांम्होरं इचारलं, चूक कुणाची? तीस वरसांत एक पॅटर्न चुकला न्हवता त्येचा. म्हणाला, पट्टी माजी, चूक माजी. त्येला कळलं हुतं रं, कुणाची हाय ते. माज्याकडं बघितलंबी न्हाय."

"आणि तुम्ही?"

"गप बसलो. पोरगं ल्हान, नोकरी नवी."

मिस्त्रींनी हत्यारं पिशवीत भरली. जाताना माडी चढून वर आले, रोज दुपारी ज्या स्टुलावर बसून डबा खायचे तिथं क्षणभर थांबले आणि रोजचाच प्रश्न विचारला, "गुरू, जेवलास काय रं?" अण्णांना तोंडच उघडता आलं नाही. मिस्त्री शाहूवाडीकडं आपल्या गावी गेले ते गेलेच. पुढच्या वर्षी वारल्याचं कळलं.

"मग आता रोज खोटं का सांगता?"

"व्हय म्हणलं की त्यो गप व्हतोय," अण्णा म्हणाले. "न्हाई म्हणलं तर धा मिन्टांनी परत येतोय."

माझी सगळी भीती तिथंच गेली. फार वाईट वाटलं. मी उठून खाली गेलो आणि नळावर उगीचच तोंड धुतलं.

काही वर्षांनी अण्णा निवृत्त झाले. काकू आधीच गेल्या होत्या, मुलगा पुण्याला. ते एकटेच गावाकडं राहायला गेले. मग सॉफ्टवेअर पुन्हा बदललं, आणि मिस्त्रींना नव्या घरी न्यायचं काम माझ्याकडं आलं. मी शेरे जसेच्या तसे उतरवले. प्लॉटरचा प्रश्न ठेवला. दुपारच्या प्रश्नातलं 'गुरू' हे नाव बदलायला माझा हात धजावला नाही.

नवं सुरू झालं त्या पहिल्याच दुपारी अण्णांचा फोन आला. त्यांना तारीख बरोबर ठाऊक होती.

"इचारतोय का अजून?"

"इचारतोय की."

"तू काय सांगितलंस?"

"न्हाई अजून, म्हणून."

"बरं केलंस."

मग ते फोन ठेवेनात. त्यांच्या घरातल्या घड्याळाची टिकटिक मला ऐकू येत होती. मी विचारलं, "अण्णा, तुम्ही जेवलासा काय?"



"न्हाई अजून," अण्णा म्हणाले.

मी फोन ठेवला. दहा मिनिटांनी परत लावला.