चंद्रभागेचा बूस्टर

"या रविवारी मी विचारायला येत नाही बाबा, न्यायला येतेय," मालूने ठाकुर्लीहून फोनवर सांगितलं, आणि दामाजीच्या हातातला चहा तसाच राहिला.

चंद्रभागा जाऊन वर्ष व्हायला आलं होतं. तेव्हापासून लेकीचं हेच चाललं होतं. बाबा एकटे राहतात, बाबा वेळेवर जेवत नाहीत, बाबांनी बॅग भरावी. दामाजीला वर्तकनगरची ती दोन खोल्यांची जागा सोडायची नव्हती. तिथल्या भिंतीतला खिळान् खिळा चंद्रभागेने ठोकलेला होता, कारण दामाजीच्या हातात ती हातोडी देत नसे. पण हे लेकीला फोनवर सांगणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. म्हणून तो दर वेळी एकच मुद्दा मांडायचा. मी एकटा नाहीच. रोज संध्याकाळी माणसं येतात.

आणि ती येत होतीच. तळमजल्यावरची मनुबाई, चंद्रभागेच्या माहेरच्या कोळीवाड्यातली, वाटीभर कालवण घेऊन यायची. समोरचा विश्राम कचेरीतून आल्यावर वाचून झालेला पेपर द्यायला यायचा. वरच्या मजल्यावरची थेरेसा शाळेत शिकवायची, ती केकचा तुकडा नाहीतर पाव आणायची. आल्या आल्या सगळे एकच विचारायचे, टीव्ही बरा चालतोय ना? दामाजीला वाटायचं, 'कसे आहात' असं सरळ विचारलं तर म्हातारा रडेल, म्हणून बिचारे टीव्हीवरून विचारतात. मग त्यांच्यातलं कुणीतरी उठायचं, कपाटावरच्या पत्र्याच्या डब्यावर एक चापट मारायचं आणि पुन्हा येऊन बसायचं. चंद्रभागेलाही ही सवय होती. तिची आठवण काढायची ही त्यांची रीत असावी, असं दामाजीने धरून टाकलं होतं.

टीव्ही मात्र बरा चालत नव्हता. पडद्यावर सतत मुंग्या. जुना केबलवाला वर्षभर 'उद्या येतो' म्हणत होता. मागच्या खेपेला मालू म्हणालीच होती, घरात टीव्हीसुद्धा धड नाही, दिवसभर करता काय? तेव्हा रविवारच्या आत हा एक मुद्दा तरी लेकीच्या हातून काढून घ्यावा, असं दामाजीने ठरवलं. नाक्यावर नव्या केबलवाल्याची पाटी लागली होती. तो नॉर्मन नावाचा गडी गुरुवारी सकाळी शिडी खांद्यावर टाकून हजर झाला. सांगितलेल्या दिवशी माणूस आला, यानेच दामाजी अर्धा विरघळला.

नॉर्मन कपाटापाशी चढला आणि वरच थांबला. पत्र्याच्या डब्यात एक वायर आत येत होती आणि बऱ्याच बाहेर जात होत्या. बाहेर जाणारी प्रत्येक वायर खिडकीच्या गजांतून कुठेतरी नाहीशी होत होती आणि प्रत्येकीला एकेक चिंधी घट्ट बांधलेली होती.

"अंकल, ह्या एवढ्या वायरी?"

"त्या जुन्या केबलवाल्याच्या. सगळ्या काढ."

"बघा हां. मी आत येणारी तेवढी बदलतो. बाकीच्या तशाच राहिल्या, तर केबलवाला बदलला हे कुणाला कळणारसुद्धा नाय."

"कळू दे की त्याला. वर्षभर उद्या उद्या करतो. एक ठेवू नकोस."

नॉर्मनने मान हलवली. गिऱ्हाइकाच्या घरात गिऱ्हाइकाचा शब्द. त्याने डबा बाजूला केला, नवी वायर सरळ टीव्हीला जोडली, आणि चित्र असं स्वच्छ आलं की बातम्या देणाऱ्या बाईच्या कानातले मोती दिसायला लागले.

नॉर्मन गेल्यावर दामाजीने त्या वायरींचं भेंडोळं करून खिडकीबाहेर सोडलं. चिंध्या मात्र टाकवेनात. गाठी चंद्रभागेच्या हातच्या होत्या, सोडवता सोडवता त्याची नखं दुखायला लागली. एवढ्या कष्टाने सोडवलेलं केरात कसं टाकायचं? त्याने त्या साबणाने धुतल्या, पिळल्या आणि गॅलरीतल्या दोरीवर रांगेने वाळत घातल्या.

खरं तर दामाजी खाडीवरचाच. त्याच्या बापाच्या काळी जाळ्याच्या दोरीला ज्याच्या त्याच्या घरची चिंधी बांधलेली असे, आणि एखाद्या घराची चिंधी सोडून चारचौघांत टांगली म्हणजे त्या घराशी बोलणं संपलं, हे त्यांच्या वाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण दामाजीचा उभा जन्म कारखान्यात बॉयलरपाशी गेला. खाडी त्याच्या अंगात उरली होती ती जेवणाच्या ताटापुरती.

त्या संध्याकाळी त्याने जास्तीचा चहा टाकला. नवं चित्र सगळ्यांना दाखवायचं होतं. कुणी आलं नाही. चहा त्याने एकट्याने प्यायला आणि रात्रभर कूस बदलत राहिला.

शुक्रवारी सकाळी त्याने पाहिलं, विश्राम दार उघडून बाहेर आला, याला पाहून पुन्हा आत गेला आणि दार लावून घेतलं. भाजीच्या गाडीपाशी मनुबाई भेटली. दामाजीने तब्येत विचारली. तिने उत्तर भाजीवाल्याला दिलं. काही घरांतलं माणूस गेलं की माणुसकीपण त्याच्यामागून जाते, असं ती त्याला म्हणाली आणि मेथीची जुडी उचलून चालती झाली. भाजीवाल्याने दामाजीकडे पाहिलं. दामाजीने मेथीकडे पाहिलं. आपण केलं काय, हे दोघांनाही कळेना.

संध्याकाळी पुन्हा कुणी नाही. शेवटी जिन्यात थेरेसा सापडली तेव्हा दामाजीने तिची वाटच अडवली.

"अंकल, आधी तुम्ही सांगा, आमचं काय चुकलं," थेरेसा म्हणाली. "वायर कापली ते ठीक. तुमची वायर आहे. पण चिंध्या गॅलरीत टांगायच्या? मनुबाई कालपासून जेवलेली नाय."

"कसली वायर?"

मग थेरेसाने जिन्यातच उभं राहून त्याला त्याच्या घरातली गोष्ट सांगितली. केबल नवी आली तेव्हा चंद्रभागेने आपल्या पैशाने तो डबा, म्हणजे बूस्टर, आणला होता आणि त्यातून घरोघर वायर दिली होती. खूण म्हणून ज्याच्या त्याच्या घरच्या कपड्याची चिंधी. कुणी जिन्यात कचरा टाकला, कुणी नळावर तंडलं, की संध्याकाळी ऐन मालिकेच्या वेळी चिंधी बघून त्याची वायर काढायची. दुसऱ्या दिवशी माणूस आपण होऊन गोड बोलायला येई. या बिल्डिंगमध्ये भांडण टिकत नाही, याचं श्रेय दामाजी इतकी वर्षं चांगल्या शेजाराला देत आला होता.

"आणि तो डबा हल्ली सारखा बंद पडायचा," थेरेसा जरा खालच्या आवाजात म्हणाली. "चापट मारली की चालायचा."

"म्हणजे तुम्ही रोज त्याला चापट मारायला येत होता."

"येत होतो. पण चापट मारायला कालवण लागत नाय, अंकल."

जाता जाता तिने सांगितलं की विश्रामने नॉर्मनकडे स्वतःच्या कनेक्शनची चौकशी केली आहे, आता सगळेच आपापलं घेतील.

दामाजी घरी येऊन कपाटासमोर बसला. त्याला सगळ्यांचा राग आला. शेजाऱ्यांचा आला, नॉर्मनचा आला, जुन्या केबलवाल्याचा तर होताच. पण सगळ्यात जास्त चंद्रभागेचा आला. कपाटावर बसून एवढं राज्य चालवलंस आणि जाताना नवऱ्याला किल्ली कुठे ते सांगितलं नाहीस? फोटोतली चंद्रभागा नेहमीसारखी बघत होती. आणि मग त्याच्या ध्यानात आलं की घरोघर आपापली वायर झाली, तर त्याच्या दाराशी यायला कुणाला काही कारणच उरणार नाही. रविवारी मालू येणार, रिकामी खोली बघणार, आणि तिचं म्हणणं खरं असणार.

शनिवारी नॉर्मन पुन्हा शिडी घेऊन आला.

"मी बोललेलो, अंकल."

"बोलला होतास. आता जोड. पण आधी चिंध्या."

नॉर्मनने समजावलं की वायर कुठलीही कुठेही लावा, सगळ्यांत तेच येतं. दामाजी म्हणाला, तुझ्या वायरीला चालेल, मनुबाईला चालायचं नाही. आणि वाळलेल्या चिंध्या परडीत घालून तो दारोदार निघाला. आपली चिंधी ओळखा आणि परत बांधायला द्या, एवढंच त्याचं मागणं होतं.

मनुबाईने परडीकडे न बघता हात घातला आणि हिरवा तुकडा बरोब्बर काढला. तो तिच्या जुन्या लुगड्याचा काठ होता. तिने तो हुंगला.

"साबण लावलात भावजी?"

"लावला."

"चंद्रभागेच्या हाताचा वास गेला की हो."

दामाजीने मान खाली घातली. मनुबाईने तो तुकडा स्वतःच्या हाताने त्याच्या खिशात कोंबला आणि जेवला नसाल तर बसा म्हणाली.

विश्रामकडे वेगळंच निघालं. त्याने रेघांचा एक तुकडा उचलला आणि उजेडात धरला. "ही तर माझी पँट. ह्या पँटवरून मी इस्तरीवाल्याला चोर म्हटलेलं." आतल्या खोलीत त्याच्या बायकोने एकदम भांडी मोठ्याने घासायला घेतली.

मग दुपारभर बिल्डिंग दणाणली. नॉर्मन कपाटापाशी एकेक वायर लावायचा आणि घरोघरची माणसं खिडकीतून ओरडायची. आली. गेली. परत आली. थेरेसाची आली की मनुबाईची जायची. मनुबाईने तर दोनदा तोंड घालून वरच्या मजल्यावरच्या टीव्हीचा आवाज आपलाच म्हणून सांगितला. ज्याची वायर सापडेल तिला दामाजी त्याची चिंधी बांधत होता. गाठ काही चंद्रभागेसारखी बसेना. शेवटी मनुबाई वर आली, त्याला बाजूला केलं आणि सगळ्या गाठी तिने मारल्या. बूस्टरमधली एक सुटी तारही नॉर्मनने डाग देऊन पक्की केली. खाली उतरताना तो म्हणाला, त्याच्या हिशेबी हे सगळं एकच कनेक्शन, अंकलचंच घर, फक्त जरा तीन मजल्यांवर पसरलेलं.

रविवारी दुपारी मालू आली. तिने डबे उघडून पाहिले, औषधांच्या पट्ट्या पाहिल्या, टीव्ही लावून पाहिला आणि बोलायचं आहे म्हणून लगेच बंद केला. मग कपाटातून सूटकेस काढून खाटेवर उघडी ठेवली.

"संध्याकाळ होऊ दे," दामाजी म्हणाला. "माणसं येतील."

संध्याकाळ झाली. खालून, वरून, समोरून एकाच मालिकेचं गाणं अगदी स्वच्छ ऐकू येत होतं. नवी केबल, पक्का केलेला बूस्टर, पडद्यावर एक मुंगी नाही. चापटीची गरज कुणालाच नव्हती. दामाजी दाराकडे बघत राहिला. काम नीट झालं की असं अंगाशी येतं, हे त्याला नोकरीतही कुणी शिकवलं नव्हतं.

मालूने त्याचे शर्ट सूटकेसमध्ये ठेवायला सुरुवात केली. चौथ्या शर्टाला दामाजी उठला. कपाटावर स्वेटर ठेवलाय, तोही घे, म्हणाला. स्टुलावर चढला, वर चाचपलं आणि खाली उतरला. स्वेटर काही मिळाला नाही.

तिन्ही मजल्यांवरचं गाणं एकदम थांबलं.

आधी मनुबाई आली, हातात कालवणाची वाटी. "भावजी, तो टीव्ही..." एवढं बोलली आणि मालू दिसली. मग टीव्ही राहिला बाजूला. पोरगी किती वाळली, सासरी जेवायला घालत नाहीत का, हे सुरू झालं. पाठोपाठ विश्राम पेपर घेऊन आला, कालचाच. थेरेसा पाव घेऊन आली. लेकीच्या देखत वायरीचं कसं काढणार म्हणून कुणीच काही बोललं नाही, आणि काही न मागता उठणं बरं दिसेना म्हणून सगळे बसून राहिले. विश्रामने पँटची गोष्ट सांगितली. मनुबाईने चंद्रभागेची नक्कल केली, वायर काढल्यावर ती कशी साळसूदपणे 'लाइट गेली का गं तुमच्याकडे' विचारायची ती. मालू हसता हसता डोळे पुसायला लागली. मालिका संपून गेली तरी माणसं हलली नाहीत.

सगळे गेल्यावर मालूने शर्ट पुन्हा कपाटात लावले आणि सूटकेस खाटेखाली सरकवली. दारात चपला घालताना ती म्हणाली, "मला बघायला पाहुणे आलेले, आठवतं? तेव्हा आईने असंच बंद केलेलं. घरात माणसं दिसावीत म्हणून."

दामाजीने कपाटावरच्या डब्याकडे पाहिलं.

"तुम्हाला जमायला लागलं बाबा. राहा इथेच," मालू म्हणाली. "आता लावा ते परत. मनुमावशी किती वेळ कळ काढेल."

ती जिना उतरून गेली. दामाजी स्टुलावर चढला, बटण लावलं, आणि काही गरज नव्हती तरी डब्यावर एक चापट मारली.