किवाकोची तिरकी तार

मत्स्य खात्यात काम करणारी किवाको शिओझाकी त्या सकाळी कुशिमोतोच्या धक्क्यावर सगळ्यांसमोर सांगूनच निघाली, की कुरोशिओ हा समुद्रातला ऊन पाण्याचा प्रवाह आपल्या भूशिराला धडकून कुठे फुटतो, ते आज मी दाखवते. वरचं पाणी इथूनतिथून सारखंच कोमट. प्रवाहाची खरी वाट कळते दोनशे मीटर खाली. तिथे पंधरा अंश लागले, की आपण ऐन प्रवाहात!

वसंत सरत आला होता आणि त्या प्रवाहाबरोबर येणारा कात्सुओ मासा कुणालाच सापडत नव्हता, त्यामुळे कोळ्यांनी मुकाट ऐकून घेतलं. बोलले फक्त तिचे सासरे, कोळ्यांचे म्होरके गिसाबुरो. "सूनबाई आंघोळीचं पाणी चटका बसेपर्यंत तापवते, आणि समुद्राचा ताप मोजायला निघालीये."

किवाको तणतणतच मत्स्य खात्याच्या नौकेवर चढली. भूशिरापुढे जाऊन तिने दोनशे मीटर तार सोडली. टोकाच्या तापमापकाने आकडा दाखवला एकवीस. इतक्या खोल इतकं ऊन पाणी, म्हणजे अख्खा प्रवाहच दारात आला की! तिने वायरलेसवर सासऱ्यांना सुनावलं, "सगळ्या होड्या घेऊन या, मामंजी. आणि बर्फ जास्त भरा."

वऱ्हाड निघावं तशा होड्या निघाल्या. त्या दिसायला लागल्या तेव्हा कुठे किवाकोचं लक्ष तारेकडे गेलं. ती सरळ खाली जायची सोडून पतंगाच्या दोऱ्यासारखी लांब तिरकी पळाली होती. तापमापक दोनशे मीटर कसला, जेमतेम साठावर लोंबकळत होता!

कप्तान हळूच म्हणाला, "बाई, नौका दुसऱ्या बंदराला नेऊ का?"

पळून जाण्याचा मोह तिला झाला, नाही असं नाही. पण मग तिच्या डोक्यात आलं, वरचं पाणी इतकं ओढतंय, म्हणूनच तर तार तिरकी होतेय, म्हणजे प्रवाह इथेच आहे! तिने जड साखळी बांधून तार पुन्हा सोडली. आता ती ओळंब्यासारखी सरळ उतरली. आकडा आला, पंधरा. पश्चिमेला सरकून मोजलं, तिथेही पंधराच. प्रवाहाचा एक फाटा चक्क किनाऱ्याकडे वळला होता.

तिने वायरलेस उचलला. "पाण्याच्या ओढीने तार तिरकी गेली, म्हणून मघाचं माप चुकलं होतं. जागा मात्र हीच आहे. पश्चिमेचा फाटा धरा."

होड्या वळल्या. संध्याकाळी त्या परतल्या तेव्हा माशांच्या ओझ्याने काठापर्यंत पाण्यात बुडाल्या होत्या. धक्क्यावर गिसाबुरो भेटेल त्याला अडवून सांगत होते, "हा फाटा आमच्या सूनबाईने शोधला." किवाकोने तिथेच सगळ्यांना दोनशे मीटर, पंधरा अंश आणि दोन फाटे नीट समजावून सांगितले. म्हातारे मन लावून ऐकत होते. तिचा ऊर भरून आला.

दुसऱ्या दिवशी ती समुद्रात पोचते न पोचते तोच वायरलेसवर सासऱ्यांचा आवाज आला.

"सूनबाई, ते अंशबिंश राहू दे. आज तार कुठल्या बाजूला तिरकी जातेय, तेवढं सांग."