आवरणाऱ्या पेशींचा सत्कार

आमच्या चांदणी म्हशीच्या रक्तातल्या आवरणाऱ्या पेशींनी सत्कार झाल्याशिवाय काम करणार नाही असं कळवलं, तेव्हा चांदणीला नववा महिना लागला होता.

कळवायला त्यांची म्होरकी स्वतः आली. मोहरीएवढी होती, पण गव्हाणीच्या काठावर बसली ती ठसक्यात.

"आक्का, लाळ्या-खुरकताची साथ सरली तेव्हा दूध संघानं लढणाऱ्या पेशींना फेटे बांधले. आम्हाला कुणी बसा म्हणालं नाही."

"तुम्ही काय केलंत साथीत?"

"त्या एकदा पेटल्या की आपलं-परकं बघत नाहीत. रोग गेला तरी हाणतच सुटतात. त्यांचे हात आम्ही धरले, म्हणून तुझ्या म्हशीची कास शाबूत आहे."

खरं होतं. जनावरांच्या रोगांवरची पुस्तकं माझी मी वाचलीत, कुणा मास्तराचे उपकार नाहीत. हाणणाऱ्याला हार आणि आवरणाऱ्याला ठेंगा, ही रीत माणसांत आहे हे ठाऊक होतं. म्हशीत नसावी असं उगाच वाटलं होतं.

गुरांच्या डॉक्टर मगदूमांनी चांदणीच्या पोटाला नळी लावली आणि बराच वेळ ऐकलं.

"लढणाऱ्या पेशी गर्भाशी जमल्यात, आक्का. रेडकाचा रहिवासी दाखला मागताहेत."

"पोटातल्या रेडकाचा?"

"अर्धं रेडकू बापाचं ना! बीज कृत्रिम रेतनाच्या कांडीतनं आलेलं, हरियाणाचं. त्यांचं म्हणणं, बाहेरचं आहे, हाकला. एरवी आवरणाऱ्या समजूत घालतात, असू दे, आपलंच आहे म्हणून. आता समजूत घालणारं कुणी नाही. रेडकू टिकायचं नाही."

मी तशीच उठले आणि संघाच्या अध्यक्षांकडे, बाबगोंडा पाटलांकडे गेले.

"आक्का, सत्कार लढणाऱ्यांचा करतात हो. गप्प बसवणाऱ्यांचा करायचा, तर उद्या माझी बायको मागेल."

"तिचा तर आधी करायला हवा."

त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग विचारलं, "किती आहेत या पेशी?"

"मोजता येत नाहीत."

"सभासद होतील का?"

संघाची निवडणूक जवळ आली होती. सत्कार ठरला.

गोठा सारवला. माझ्या जुन्या शालीच्या मोहरीएवढ्या शाली कातरल्या, नारळांच्या जागी राजगिऱ्याचे दाणे ठेवले. झाडून साऱ्या आवरणाऱ्या पेशी बाहेर येऊन गव्हाणीच्या काठावर रांगेनं बसल्या. अध्यक्षांनी माईक धरला आणि आपल्या आजोबांपासून सुरुवात केली.

आजोबा संपून वडील सुरू झाले, तशी चांदणी कण्हू लागली. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला.

"आत कुणीच राहिलं नाही, आक्का. लढणाऱ्यांनी हात घातला रेडकाला."

"बाबगोंडा, आटपा!"

"आता कुठं प्रास्ताविक झालंय, आक्का."

म्होरकीनं खांद्यावरची शाल काढून ठेवली. उडी मारून ती अध्यक्षांच्या खालच्या ओठावर उभी राहिली आणि म्हणाली, "पुरे."

अध्यक्ष अर्ध्या वाक्यात थांबले आणि खाली बसले. आमच्या तालुक्यानं हे कधी पाहिलं नव्हतं. माईकवाल्यानं तर हात जोडले.

"चला गं," म्होरकी म्हणाली. राजगिरा तसाच टाकून सगळ्या आत गेल्या. थोड्या वेळानं चांदणीच्या पोटातून खणखणीत आवाज आला, "असू दे म्हटलं ना! आपलंच आहे!"

चांदणी रवंथ करू लागली.

रेडकू दिवस भरल्यावर झालं. काळंभोर, कपाळावर चांदकी. अध्यक्ष बघायला आले आणि गव्हाणीशी घुटमळले. म्होरकी तिथंच बसली होती.

"बाई, मला आवरायला तुमच्यातली एखादी माझ्या अंगात राहायला येईल का? घरचे फार मागं लागलेत."

"मीच येईन की," म्होरकी म्हणाली. "पण मी पडले म्हशीची. तुमच्या आत मला कुणी आपली म्हणेल का?"

अध्यक्ष विचार करत उभे राहिले. त्यांना जरा बाजूला व्हायला सांगून मी रेडकू कासेला लावलं.