न खोडणारे केळसकर

सदानंद केळसकर लिहिताना चुकले तरी खोडत नसत. पुढे लिहीत. "मंगळवारी, म्हणजे मंगळवारी नव्हे, बुधवारी, पण मला आधी मंगळवार वाटला हेही खरंच ना," असं वाक्य चालू राही आणि पूर्णविराम कुठेच येत नसे. बोलण्यातही नसे. लिफ्टमध्ये सुरू झालेलं वाक्य पार्किंगमध्ये गाडीची काच वर गेल्यावरही चालू असे. काचेपलीकडे ओठ हलताना दिसत.

अबूधाबीत आम्ही एकाच मजल्यावर राहत होतो. केळसकर मुसफ्फा या कारखान्यांच्या भागातल्या एका पोलादी सांगाड्यांच्या कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होते. ड्रॉइंग बदललं की जुन्यावर 'रद्द'चा लाल शिक्का मारायचा आणि नव्यावर रिव्हिजनचा आकडा घालायचा, हे त्यांचं काम. सोळा वर्षं तेच. "एका जिन्याच्या सव्वीस रिव्हिजन झाल्या," ते सांगत, "आणि शेवटी बांधला कुठला? पहिला!"

२००८च्या अखेरीस मंदी आली आणि कामं थांबली. एक अमेरिकन इंजिनिअर मायदेशी जाताना पुस्तकांचं खोकं त्यांच्या टेबलावर ठेवून गेला. त्यात त्याच्या देशातल्या काही कादंबऱ्या होत्या. लेखकांनी स्वतःचंच आयुष्य, भेटलेली माणसं, झालेले प्रवास, सगळं सुचेल तसं, एका दमात लिहिलेलं. केळसकरांनी त्या महिनाभरात संपवल्या आणि सिद्धान्त मांडला, "सुधारणा म्हणजे लबाडी. खलास!"

ड्रॉइंग छापायच्या कागदाचे मोठे रोल ऑफिसात पडून होते. त्यातला एक मॅनेजरला विचारून त्यांनी घेतला, वर्कशॉपमध्ये पोलाद कापायच्या करवतीवर पावासारखे त्याचे चार तुकडे करून घेतले आणि लिहायला बसले. पान उलटायला नको. थांबायलाच नको.

मग ऑफिसच्या मीटिंगचं टिपणही त्यांनी याच पद्धतीनं लिहिलं. क्लायंटचा माणूस जांभई देत हो म्हणाला, ती जांभई मुळात समोशांमुळे होती, वगैरे. मॅनेजर मल्याळी होता. तो म्हणाला, "केळसकर भाई, ये मिनिट्स है या महाभारत?"

"हबीबी, जैसा हुआ वैसा लिखा."

मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. लोकांची वाक्यं कापणं हा माझा धंदा. म्हणून ते मला 'कात्री' म्हणत. "या, कात्री! पेन दाराबाहेर ठेवून या."

जूनमध्ये कंपनीनं घरभाडं बंद केलं. त्या उन्हाळ्यात अनेकांनी केलं तेच केळसकरांनी केलं. बायको आणि मुलगी केतकी यांना पुण्याला पाठवलं आणि स्वतः त्याच मजल्यावर एक खोली घेतली. केतकी नववीत होती. तिला हे निघायच्या दहाच दिवस आधी कळलं. पुण्याला गेल्यापासून ती फोनवर येईना. दर शुक्रवारी आई सांगे, "अभ्यास करतेय." केळसकर मग आईशीच चाळीस मिनिटं बोलत.

ऑक्टोबरात एका शुक्रवारी त्यांनी मला बोलावलं. रोल जमिनीवर पसरला होता, पलंगापासून दारापर्यंत.

"वाचा. हे केतकीला पाठवायचंय. पण कुठलं पाठवू, ते कळत नाही."

कुठलं, हा प्रश्न मला समजला नाही. वाकून वाचू लागलो. विमानतळाचा प्रसंग होता. ट्रॉलीचं चाक अडतं. बॅग दोन किलो जास्त भरते. बाबा बॅगेविषयी बोलत राहतात, वजनाचे नियम, मागच्या वेळी काय झालं होतं, काउंटरवरच्या बाईचा स्वभाव. मुलगी म्हणते, "ओके बाबा. बाय." आणि आत जाते.

त्याखाली लाल शिक्का होता. रद्द. त्याखाली तोच प्रसंग पुन्हा. समासात लिहिलं होतं, 'रिव्हिजन १'.

एकीत बाबा माफी मागतात. एकीत "जाऊ नका" म्हणतात. तिसरीत रडतात, चौथीत विनोद करतात. सहावीत ते काहीच बोलत नाहीत; तिच्या सॅकची उघडी राहिलेली चेन लावून देतात आणि हात थोडा वेळ तिथेच ठेवतात. अकराव्या रिव्हिजनपर्यंत सगळीकडे शिक्के होते. मी वर पाहिलं. केळसकर खिडकीकडे तोंड करून उभे होते.

"यातलं खरं कुठलं?" मी विचारलं.

"पहिलं. म्हणून तर पाठवता येत नाही ना. कात्री, आज पेन आणलंय का? तुम्हीच कापा."

पेन खिशात होतं. मी ते बाहेर काढलं नाही. म्हटलं, "सगळंच पाठवा. शिक्क्यांसकट."

रोल पुण्याला जाणाऱ्या एका ओळखीच्याबरोबर गेला. पुढचे दोन शुक्रवार आईच फोनवर होती. तिसऱ्या शुक्रवारी मी त्यांच्याकडे चहाला बसलो असताना फोन वाजला. त्यांनी सवयीनं स्पीकर लावला आणि पुण्यातल्या हवेबद्दल विचारायला सुरुवात केली.

"बाबा," पलीकडून आवाज आला. "सिक्स. नंबर सिक्स वॉज द बेस्ट."

केळसकरांनी तोंड उघडलं. मग मिटलं. फोन दोन्ही हातांत धरून ते बसून राहिले. पलीकडेही फोन कुणी ठेवला नाही.