काकूंनी पास केलेली काच

आमच्या विश्वनाथअप्पांना कुणी पत्ता विचारू नये. आमच्या मानवत गावात नवखा माणूस बसस्टँड कुठे म्हणून विचारतो. अप्पा हात उजवीकडे करतात आणि तोंडाने "डावीकडं" म्हणतात. तो बिचारा आधी हाताकडे बघतो, मग तोंडाकडे, आणि शेवटी पानवाल्याकडे जातो. यात अप्पांचा दोष नाही. चाळीस वर्षं त्यांनी ते जुने, डब्यासारखे, पोटाशी धरून वरून वाकून बघायचे कॅमेरे हाताळले. त्यांच्या काचेवर उजवं डावीकडे दिसतं आणि डावं उजवीकडे. "तुमचं उजवं जगाचं, सर. आमचं काचंतलं," असं ते मला समजावून सांगतात.

मी त्यांचा शेजारी. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो आणि आता सकाळचा चहा त्यांच्या दुकानात पितो. मोबाइल आले तसा फोटोंचा धंदा बसला. अप्पांकडे एकच काम उरलं, ते म्हणजे त्या जुन्या कॅमेऱ्यांची काच बदलणं. वरचं झाकण उघडलं की आत चार बोटं रुंद दुधी काच असते, तिच्यावर समोरचं चित्र उमटतं. साठ-सत्तर वर्षांत ती पिवळी पडते, अंधुक होते. अप्पा चार स्क्रू काढून नवी लख्ख काच बसवतात. पुण्या-बेंगळुरूची हौशी मंडळी कुरिअरने कॅमेरे पाठवतात.

दुकानावर त्यांनी पाटी लावली, 'येथे स्क्रीन बदलून मिळेल'. झालं! रोज तीन-चार जण फुटका मोबाइल घेऊन हजर. अप्पा तो मोबाइल उन्हात धरतात, डोळा बारीक करतात आणि "अंधार हाय" म्हणून परत देतात. मी म्हटलं, "अप्पा, पाटी तरी बदला."

"कामून? स्क्रीनच बदलायलोय की मी."

'अंधार हाय' हा त्यांचा निकाल कशालाही लागू होतो. माझ्या भाचीला स्थळ आलं तेव्हा मी हौसेने त्यांना बैठकीला नेलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "पोरगं गोरं हाय, नोकरी हाय, पन आत अंधार हाय." भाचीने ते ऐकलं आणि स्थळ मोडलं. माझ्या एका चित्राला मात्र ते "जरा उजेड हाय" म्हणाले होते. ते चित्र मी फ्रेम करून भिंतीवर लावलंय.

काच बसवताना ती कागदाभर वरखाली झाली तरी घोटाळा होतो. काचेवर डोळे रेखीव दिसतात आणि फोटोत कान रेखीव येतात. म्हणून अप्पा कोपऱ्यांत कागदाच्या बारीक पट्ट्या घालतात. घरी लग्नपत्रिका आली की आधी चिमटीत धरून तिची जाडी बघतात, मग लग्न कुणाचं ते वाचतात. पत्रिका पातळ निघाली तर आहेरही पातळ होतो, असा माझा अनुभव आहे.

काच बसली तरी कॅमेरा कुरिअरला जात नाही. चार वाजता तो कापडी पिशवीतून घरी जातो, त्यांच्या पत्नी महानंदाकाकूंपुढे. त्यांनी पास केल्याशिवाय गिऱ्हाइकाला मिळत नाही. पुण्याचा माणूस फोनवर तडकतो, "अहो, झालाय ना?" अप्पा शांतपणे सांगतात, "झालाय. पास व्हायचाय."

ही रीत जुनी आहे. स्टुडिओ जोरात होता तेव्हा काकू काचेत वाकून बघायच्या, नवरीला पदर सावरायला सांगायच्या आणि मग म्हणायच्या, "हं, घ्या." त्या 'हं, घ्या'शिवाय अप्पांनी आयुष्यात बटण दाबलेलं नाही.

पण आता काकूंना काचबिंदू झालाय. परभणीच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली जपा. अप्पांनी त्यातलं एकच वाक्य उचललं. "डॉक्टर म्हनले, उजेड कमी पडायलाय. उजेड वाढवायचंच तर काम हाय आपलं, सर!"

तेव्हापासून माणूस नुसता पेटलाय. शाळेचा जुना प्रोजेक्टर भंगारात निघाला, तर त्यातलं गोल रेघांचं प्लॅस्टिकचं पान त्यांनी माझ्यामार्फत मिळवलं. ते लावलं की काचेचे कोपरेसुद्धा उजळतात. मला त्यांच्या वेडेपणाचा राग यायचा आणि रडूही यायचं.

गेल्या महिन्यात मीही त्यांच्याबरोबर घरी गेलो. अंगणात स्टुलावर कॅमेरा ठेवला, काकू वाकल्या. अप्पा श्वास रोखून उभे.

"दिसायलंय का?"

"हौ. लख्ख."

"काय दिसायलंय?"

"लिंबाचं झाड. खाली तुमची सायकल."

"कुण्या अंगाला?"

"डाव्या."

सायकल उजवीकडे होती, म्हणजे काचेत डावीकडेच. अप्पांचा चेहरा फुलला. "हं, घ्या," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात माझं लक्ष गेलं. कॅमेऱ्याच्या तोंडावरचं काळं टोपण तसंच होतं. म्हणजे काचेत नुसता अंधार. अप्पा झाडाकडे बघत होते, तेवढ्यात मी ते हळूच काढून खिशात टाकलं. म्हाताऱ्याला कळलं नाही, सुटलो, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर अप्पा पुन्हा नवी काच घासत बसलेले.

"आता कशाला, अप्पा? काकूंना काल लख्ख दिसलं की."

त्यांनी मान वर न करता हात पुढे केला. "टोपण द्या, सर. तुमच्या खिशात राह्यलंय."

मी ते त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते फुंकर मारून पुसलं, काच खिडकीच्या उजेडात धरली आणि डोळा बारीक करून म्हणाले, "टोपण लावून तिला एवढं दिसायलंय, तर उजेड वाढल्यावर किती दिसंल!"