भिंतीवरचा चौथा नमुना

बैठकीच्या भिंतीला कोणतं टेक्श्चर द्यावं, हे आमच्या गल्लीत माझ्याइतकं कोणाला कळत नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगेल म्हणून वाट पाहण्याइतकं वय आता उरलेलं नाही.

आमच्याकडचा पाऊस एकदा आला की भाडेकरूसारखा ठाण मांडतो. कपाटातल्या बुटांवर लव उगवते, वर्तमानपत्र हातात घेताच मान टाकतं आणि मिठाच्या बरणीत चमच्याऐवजी छिन्नी घालावी लागते. अशा हवेत भिंत निवडणं म्हणजे जावई निवडणं. दुकानात सगळेच गुळगुळीत, खरे गुण घरात आल्यावर कळतात.

"साधा धुता येणारा रंग लावा आणि मोकळे व्हा," बायको म्हणाली.

"अगं, तसला रंग दवाखान्यात असतो."

"म्हणून तिथली माणसं बरी होतात."

आता मूळ मुद्दा सांगतो. आमच्या घरात एक लहान खोली आहे. मी तिला लिहायची खोली म्हणतो, बायको तिला घोरायची खोली म्हणते. तिच्या शिलाई मशीनचा त्या खोलीवर फार दिवस डोळा आहे.

"बरं, निवडा तुम्हीच," ती म्हणाली. "पावसाळा संपेपर्यंत तुम्ही निवडलेलं जसंच्या तसं राहिलं, तर खोली तुमची. मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही राहिलं, तर मशीन आत आणि तुमची खुर्ची बाहेर."

मी ताबडतोब कबूल झालो. जिंकणारा माणूस अटींचा कीस पाडत नाही.

माझी पद्धत शास्त्रशुद्ध होती. कॅटलॉग पाहायचा नाही. भिंतीवरच तीन-चार नमुने लावून घ्यायचे, त्यांना दमट हवा भरपूर खाऊ द्यायची आणि जो तरेल तो निवडायचा. रंगारी आला. इस्त्रीच्या शर्टात आला. "मी रंग लावत नाही काका, मी भिंतीशी बोलतो," म्हणाला. त्यांचं बोलणं चालू असताना मधे पडणं बरं नव्हे, म्हणून मी लिहायच्या खोलीत जाऊन डोळे मिटले. उठलो तोवर तो निघून गेला होता.

थोड्या दिवसांनी मी नमुने तपासायला घेतले. पहिला वाळूचा, खरखरीत, पाठ खाजवायला उत्तम. दुसरा कंगव्याने ओढल्यासारखा, रेघारेघांचा. तिसरा स्पंजने टिपलेला. आणि चौथा! तो ओळीतसुद्धा नव्हता. भिंतीच्या मधोमध, जरा खाली. कलावंताने मुद्दाम ओळ मोडली होती. कडेला राखाडी, आत हिरवट, मधे फिक्या चहाचा रंग. जणू एखादा ढग भिंतीत शिरून तिथेच झोपी गेला होता.

"याला वास येतोय," बायको म्हणाली.

"नैसर्गिक रंगांना येतो."

"आणि हा कालच्यापेक्षा मोठा दिसतोय."

"चांगली कलाकृती रोज पाहिली की मोठीच होत जाते."

"म्हणजे हाच नक्की?"

"हाच."

ती टेप घेऊन लहान खोलीची खिडकी मोजायला गेली.

रंगाऱ्याला बोलावून मी त्याची पाठ थोपटली. "चौथा नमुना म्हणजे कमाल केलीस तू."

त्याने भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा भिंतीकडे पाहिलं. मग कॉलर सारखी केली. "त्याला हात लागतो, काका."

"अख्खी भिंत अशीच हवी."

"अख्खी?" त्याचा हात कॉलरवरून खाली आला. "असं काम पुन्हा होत नसतं हो."

"तूच केलंस ना?"

"मीच. म्हणून तर सांगतोय."

पण मी हटलो नाही. मूळ नमुन्याला बोटही लावायचं नाही, त्याच्याभोवती बाकीची भिंत जुळवायची, असं ठरलं. बिचाऱ्याने स्पंज, चिंध्या, जुना टूथब्रश, सगळं पणाला लावलं. चहाही दोनदा मागवला, एकदा प्यायला आणि एकदा भिंतीवर शिंपडायला. शेवटी मूळ नमुना सोडून बाकीच्या भिंतीला पाणी न धरणारा लेप दिला. मूळ कुठे संपतं आणि नक्कल कुठे सुरू होते, हे मलाही ओळखू येईना.

लोक पाहायला येऊ लागले. माझा मेहुणा बराच वेळ उभा राहिला. "दाजी, हे मुद्दाम केलंय?"

"मुद्दाम आणि खास."

त्याने भिंतीला बोट लावलं आणि ते हुंगून पाहिलं. इतकं भारावलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. बाहेर पाऊस कोसळत होता आणि भिंतीचा एक पोपडा पडत नव्हता. बायकोनेही खिडकीचे पडदे शिवण्याचं काम तूर्त थांबवलं.

आणि एका दुपारी वरच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या.

"भावोजी, रागावू नका हं. आमच्या न्हाणीघराचा पाइप आतून गळत होता. तुमच्या भिंतीत थोडी ओल उतरली असेल म्हणून..." आणि त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. त्या मटकन खुर्चीत बसल्या. "अगं बाई, सगळी भिंत खाल्ली की हो आम्ही."

"वहिनी, ही तुमची नाही. ही आम्ही करून घेतलीय."

"किती मोठं मन तुमचं," त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"खरंच सांगतो. तुमचं असेल तर फार तर मधलं एवढंच," मी म्हणालो आणि वाक्य तोंडातच राहिलं.

"मधलं कोणतं हो?" बायकोने अतिशय गोड आवाजात विचारलं.

मी रंगाऱ्याला फोन लावला. "चौथा नमुना तूच केला होतास ना?"

"केले तीनच होते काका," तो म्हणाला. "पण तुम्ही इतक्या खात्रीने बोललात, मला वाटलं, केला असेन."

मी वहिनींकडे वळलो. "पाइप थोडा गळू द्या. पावसाळा संपेपर्यंत."

"छे, छे. सकाळीच बदलून घेतला."

त्यानंतर चौथ्या नमुन्याने मान टाकली. हिरवा गेला, तपकिरी गेला, राखाडीची भुकटी झाली, आणि बायकोचं फडकं फिरल्यावर खालून जुनी पांढरी भिंत निघाली. सगळ्या ओल्या दिसणाऱ्या भिंतीत तेवढीच एक जागा लख्ख कोरडी.

"भिंत टिकलीय," मी शेवटचा युक्तिवाद केला. "गेली ती फक्त ओल."

"आणि तुम्ही निवडलं काय होतं?"

मशीन आत गेलं.

तरी माझी निवड चुकली असं कोणी म्हणू नये. गल्लीत घरोघरी आता चौथा नमुनाच लागतोय. रंगाऱ्याला इतकी मागणी आहे की आमची पांढरी जागा बुजवायला तो पुढच्या पावसाळ्यात येणार आहे. तोवर मी माझी खुर्ची बरोबर तिच्यापुढे ठेवली आहे. ताठ बसलं की डोक्याआड ती नेमकी झाकली जाते. पाहुणे आले तरी मला उठता येत नाही, मान कलती करता येत नाही. लोक म्हणतात, हल्ली म्हातारा फार ताठलाय.

म्हणू देत. आतून मशीनची घरघर चालू असते, त्यात फारसं ऐकूही येत नाही.