थंडीत चोवीस, तापल्यावर अठ्ठावीस

अशोकभाऊ आधी टायरला हात लावतात. माणसाला जय भीम नंतर. हातही उलटा. बोटांची मागची बाजू टायरवर टेकवतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "लई तापलाय. घाईत आलात न्हवं?"

मग पंधरा मिनिटं हवा भरत नाहीत. "तापलेला टायर आकडा फुगवून सांगतो, पावणं. जत्रंतनं आलेल्या माणसावानी." पावणं वैतागून पुढच्या दुकानात जातात. अवसरीच्या फाट्यावर पंक्चरची तीन दुकानं आहेत. सर्वांत कमी गर्दी भाऊंकडे. मी शेजारी राहतो, कारखान्यात वजनकाट्यावर असतो, म्हणून हे मोजून सांगतो.

त्यांची मुलगी प्रज्ञा इंजिनिअरिंग कॉलेजात होती. आई ती दोन वर्षांची असताना गेली. दुकानात येणाऱ्या मोटारसायकली फिरवून ही पोरगी अशी तयार झाली, की कॉलेजच्या शर्यतीच्या संघात तिचं नाव निघालं. जागा एकच. पुण्यापलीकडच्या ट्रॅकवर चाचणी होती: दहा-दहा मिनिटांच्या दोन पाळ्या, आणि एक तरी फेरी दीड मिनिटाच्या आत.

भाऊंनी आठवडाभर टायरमधल्या हवेचाच विचार केला. "थंडीत चोवीस, तापल्यावर अठ्ठावीस. त्याच्या खाली टायर धरत न्हाई, वर गेला की पकड सुटली." हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं, की काट्यावर उसाच्या ट्रॉलीचं वजन लिहिताना मी एकदा अठ्ठावीस लिहिणार होतो.

ट्रॅकवर बाकीच्यांकडे टायर गरम ठेवायची विजेची पांघरुणं होती. भाऊंनी गाडीतून घोंगडी काढली.

"काका, टायर झोपणार आहे का?" एका मेकॅनिकनं विचारलं.

"झोपू द्या. उठला की बघा."

स्टॉपवॉच माझ्याकडे होतं. पहिल्या पाळीत प्रज्ञाची सर्वांत चांगली फेरी एक मिनिट तेहतीस. ती थांबताच भाऊंनी उलटा हात लावला, हवा मोजली. एकतीस.

"ऊन वाढलंय, म्हणून चढला. वळणाला मागचं चाक सरकत व्हतं ना?"

"सरकत होतं, पप्पा."

तीन पौंड सोडून भाऊ घोंगडी आणायला गेले. आणि इथं माझा शहाणपणा आडवा आला. घाट उतरून आलेल्या ट्रकच्या चाकांवर आमच्याकडे पाणी मारतात. एवढा तापलेला टायर बघून माझा जीव कळवळला. पाच लिटरचा कॅन मी दोन्ही चाकांवर रिकामा केला.

भाऊ जागीच थांबले. "राव, काय केलं तुमी! दहा मिन्टं पोरीनं तापवलेला टायर न्हाऊ घातला?"

मेकॅनिक पोट धरून हसत होता. भाऊंनी खांद्यावरच्या टॉवेलनं टायर पुसला, मोटारसायकल उन्हात घेतली, दोन्ही चाकं घोंगडीत गुंडाळली आणि दुसऱ्या पाळीपर्यंत पाऊण तास तिथंच मातीत बसून राहिले. दर पाच मिनिटांनी आत हात.

"पहिल्या दोन फेऱ्या सोडून दे," त्यांनी प्रज्ञाला बजावलं. "नुसता तापव. तिसरीला धर."

पहिली फेरी एक एक्केचाळीस. दुसरी छत्तीस. तिसरी एकतीस. चौथीला डावीकडच्या वळणावर ती इतकी वाकली, की मी डोळे मिटले. बटण मात्र वेळेवर दाबलं. एक मिनिट एकोणतीस पूर्णांक सहा दशांश.

आकडा मी ओरडून सांगितला. तो मेकॅनिक घड्याळ बघायला धावत आला आणि त्यानं आकडा दोनदा वाचला. मी आयुष्यात पुष्कळ आकडे लिहिले. इतक्या ताठ मानेनं एकही दाखवला नव्हता.

प्रज्ञा आली, हेल्मेट काढलं. भाऊ उलटा हात पुढं करून गेले. आम्ही सगळे टायरकडे बघत होतो. हात गेला तिच्या कपाळावर.

"मला काय झालंय, पप्पा?" ती हसली.

"बघू दे. तुझी आई गेली त्या साली तुला महिनाभर ताप व्हता. तवापास्नं हात लावल्याबिगर माझं मन भरत न्हाई."

हात काही लवकर निघेना. शेवटी टायरची हवा मीच मोजली.

बरोबर अठ्ठावीस.